पंप बंद करून बघा

“डोळं मिटा, पर झोपू नका.” यंत्रात आडव्या झालेल्या प्रत्येकाला काका हेच सांगायचे. तरी अर्धेअधिक घोरायचेच. काका रागवायचे नाहीत. “लागली व्हय झोप? लागतीच हितं,” म्हणायचे.

दोन हजार सात-आठची गोष्ट. लवळ्याच्या टेकडीवरची प्रयोगशाळा ही माझी पहिली नोकरी. मी नांदेडहून आलेली. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी घालून त्याला एमआरआयच्या बोगद्यात सरकवायचं. टोपीतून मेंदूतल्या विजेची लय कळायची, एमआरआयमधून मेंदूचे कोणते भाग कामाला लागले ते दिसायचं. लय बदलली की लांबलांबचे कोणते भाग जोडीनं चालतात, हे आम्ही शोधत होतो.

टोपी घालायचं काम काकांचं. आधी ते उरवड्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा इकडे लागले. हात जाडजूड, पण केस बाजूला करून टोपीच्या तारांखाली चिकट जेल भरायचे ते इतक्या हळू, की तपासणीला आलेल्या मुली म्हणायच्या, आमची आईसुद्धा असं हलक्या हातानं विंचरत नाही.

एका उन्हाळ्यात मला एक नवी लय सापडली. बारीक, एकसारखी, बहुतेकांच्या नोंदीत. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, खूश झाले. परिषदेत मांडायचं ठरलं, मी घरी फोनही केला. काका मागे उभे राहून पडदा बघत होते.

“ताई, हे डोक्यातलं न्हाई. पंपाचं हाय.”

यंत्र थंड ठेवणारा पंप भिंतीपलीकडे धडधडत असे. तुमच्या घरातला फ्रिज जसा तुम्हाला ऐकू येत नाही, तसा तो आम्हाला ऐकू येईनासा झाला होता.

“काका, तुम्ही टोपीचं बघा,” मी तोडून बोलले.

चार दिवस आमचं बोलणं बंद. पाचव्या दिवशी इंजिनिअरला विचारून मीच काकांकडे गेले. “पंप दहा मिनिटं बंद ठेवता येतो म्हणे.”

“मंग बंद करून बघा. डोकं माझंच घ्या.”

पंप थांबला आणि माझी नवी लय गेली. डोळे मिटल्यावर येते ती मेंदूची नेहमीची लय तेवढी उरली, संथ आणि ठळक. मी शेजारच्या खोलीत जाऊन रडले. काका चहा घेऊन आले. “समद्यांम्होरं कुणी दावलं असतं, तर लई लागलं असतं,” एवढंच म्हणाले.

काही दिवसांनी टोपी धुताधुता त्यांनी विचारलं, “बायको दोन वर्सं पडून हाय. झटका आल्यापासनं बोलत न्हाई, वळखत बी न्हाई. मी बोललेलं तिच्यापत्तुर पोचतं का, ते ह्यात दिसंल का?”

हो म्हणावंसं फार वाटलं. “नाही सांगता येणार, काका. आपल्याला अजून तेवढं येत नाही.”

त्यांनी मान हलवली. “बरं झालं, खरं सांगितलं. मंग मी आपला बोलत ऱ्हातो.”

पुढच्या वर्षी बायकोजवळ बसणारी मेहुणी तिच्या गावी परत गेली, आणि काकांनी नोकरी सोडली. दिवाळीच्या आधी मी उरवड्याला त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खाटेजवळ बसून ते तिला शेजारच्या शेळीला झालेल्या करडांचं सांगत होते. मला पाहिल्यावर तिच्याकडे वाकून म्हणाले, “नांदेडची ताई आली बग. च्या टाकू का हिला?”

आणि तिला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा थांबून मग ते उठले.