डबीने बदललेली कूस

खांबावरून पडलो त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. तेव्हा मी वायरमन होतो. जामखेड तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाची लाईट गेली की आधी मला फोन यायचा. पडलो आणि कमरेखालचं सगळं गेलं. हात शाबूत, डोकं शाबूत, पण पाय कुणी कापून नेले तरी कळणार नाही. नगरचे डॉक्टर म्हणायचे, "दुखत नाही हीच अडचण आहे. दुखलं असतं तर झोपेतही तुम्ही कूस बदलली असती."

पहिल्याच वर्षी टाचेला जखम झाली, तेव्हा त्यांनी कमरेला बांधायचा एक पट्टा दिला. पट्ट्याच्या खिशात काडेपेटीएवढी डबी. मी पाठीवर आहे, डाव्या कुशीवर की उजव्या, हे तिला कळायचं. दोन तास एकाच अंगावर राहिलो की बायकोचा मोबाईल वाजायचा. मग ती पिठाचे हात तसेच घेऊन यायची, मला वळवायची, पाठीमागे उशी लावायची, गुडघ्यांमध्ये घडी घालून चादर ठेवायची. वेळेवर वळवलं की मोबाईलवर हिरवी पट्टी दिसायची. टाच भरून आली, नवी जखम झाली नाही.

पण त्या डबीनं बायकोलाही खाटेला बांधलं. ती विहिरीपलीकडे जात नव्हती. बाजाराला गेली तर घड्याळ बघत धावत परत. पुणतांबं तिचं माहेर. अडीच वर्षांत तिनं ते पाहिलं नव्हतं. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती नुसती म्हणाली, "आहेर पाठवून देऊ."

मीच हट्ट धरला. आमच्या घरासमोर शिलाईचं दुकान आहे. तिथला टेलर माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याला सगळे मास्तर म्हणतात. तो म्हणाला, "वहिनी, दोन दिवसांचा तर सवाल हाय. मोबाईलमधी टाकून द्या, वाजला की आलोच." त्याच्या मोबाईलमध्ये डबीचा गजर सुरू करून ती सकाळच्या एसटीनं गेली; हिरवी पट्टी तिला तिकडे तिच्या मोबाईलवरही दिसणार होती. घरात आई होती, पण तिच्यानं मला वळवणं होत नव्हतं.

मास्तर आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आला तेव्हा डायपर भरला होता. त्यानं तो बदलला, पुसलं, हात धुतले आणि दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं म्हणून घाईनं गेला. त्यानं तोंड वाकडं केलं नाही. केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे दोन तास भरत आले तेव्हा मी पट्ट्याच्या खिशातून डबी काढली, फिरवली आणि परत ठेवली. मोबाईल वाजला नाही. मास्तर आला नाही. कुणीही मला हलवत नव्हतं, उघडं करत नव्हतं. छताकडे बघत मी पडून राहिलो आणि अपघातानंतर पहिल्यांदा वाटलं, हे अंग माझ्या ताब्यात आहे.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, मोबाईल वाजंना. ठीक हाय ना?"

"व्हय. खाट धरून मीच वळतोय."

"एकट्याला जमतंय?"

"जमतंय की."

ती येईपर्यंत मी डबीलाच कूस बदलायला लावली. मी पाठीवरच होतो.

आल्या आल्या तिनं मला वळवलं आणि तिचा हात थांबला. माकडहाडावर तळहाताएवढा लाल डाग, मध्ये काळपट. बोटानं दाबला तरी लाली हटेना. "पट्टी तर हिरवीच हुती. मास्तर आले न्हाईत का?" तिनं विचारलं. मी गप्प राहिलो. तिनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

समोरचं दुकान, त्यामुळे खाटेवरून सगळं ऐकू आलं. "तुमच्या भरवशावर गेल्ते मी!"

"वहिनी, मोबाईल वाजलाच न्हाई. वाजला असता तर मी आलो नसतो का?"

फोनवर मी काय बोललो होतो, ते त्यानं सांगितलं नाही. मला हाक मारता आली असती. हात आणि तोंड तर चालत होतं. मी मारली नाही.

चार दिवसांत कातडी फाटली. गाडी करून नगरला नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, मग मोबाईलवरच्या नोंदी. "दर दोन तासांनी बदल दिसतोय, एकदाही चूक नाही. मग ही जखम आली कुठून?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं.

परतताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिकडे बघतच म्हणाली, "ती हिरवी पट्टी बघून मी तिथं पोटभर जेवले."

जखम भरायला अडीच महिने लागले. पाठीवर झोपायला बंदी. कधी पालथा, कधी कुशीवर, डोळ्यांसमोर फरशी नाहीतर भिंत. ती रोज ड्रेसिंग करायची, वेळेवर वळवायची. एवढा अडकलेला मी आधी कधीच नव्हतो, आणि या वेळी दोष खांबाचा नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मी मास्तरला फोन करून बोलावलं. शुक्रवार होता, नमाज पढून तो तसाच आला. मी पालथा होतो, त्यामुळे मला त्याचे पायच दिसत होते. माफी मागितली. तो खाली फरशीवर बसला, माझ्या तोंडासमोर. "मला एवढंच सांगायचं हुतं ना, की लाज वाटती," तो म्हणाला. "मी पँटी शिवतो. रोज माणसांची कंबर मोजतो. मला कसली लाज?"

दार अर्धं उघडं होतं. बायकोनं आतून चहा आणून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, माझंबी चुकलं."

आता गुरुवारी ती बचत गटाच्या बैठकीला जाते, तेव्हा मोबाईल मास्तरचा वाजतो. तो येतो, मला वळवतो. मला अजूनही दर वेळी लाज वाटते. मी ती त्याला सांगतो, आणि तो उशी लावून दुकानात जातो.