मैदानाची एक फेरी

शाळेत पीटीच्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. पोटदुखीवर त्यांचं औषध एकच: मैदानाला एक फेरी. अर्ध्या वाटेतच पोट बरं होतं असा त्यांचा अनुभव, आणि खोटं कशाला बोला, बहुतेकदा व्हायचंही. पोरांची नाटकं ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, हे त्या स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सगळ्यांना ऐकवत.

म्हणून चौथीतल्या त्यांच्या लेकीनंच सकाळच्या तासाला पोट धरलं, तेव्हा बाईंना काळजीच्या आधी लाज वाटली. सगळ्या वर्गासमोर, आणि तीही आपलीच पोर.

"मार एक फेरी."

पोरगी धावली. मध्येच वाकली, मग कळ ओसरली असावी, फेरी पुरी करून आली. "बघा, गेलं की नाही दुखणं?" बाई वर्गाला म्हणाल्या. पोरं हसली. लेक हसली नाही, पण तिकडे बघतंय कोण.

संध्याकाळी तिला उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

इस्पितळात आधी अपेंडिक्सचा संशय आला. सोनोग्राफीत वेगळंच निघालं. उजवं अंडाशय स्वतःभोवती पिळलं जाऊन सुजलं होतं, त्यात रक्त जाताना दिसत नव्हतं.

"एवढ्याशा पोरीला?" बाईंनी विचारलं.

"होतं," सर्जनबाई म्हणाल्या. "पीळ मध्येच सैल पडला की कळ थांबते, घरच्यांना वाटतं बरं झालं. लगेच ऑपरेशन करायला हवं. दुखायला कधी लागलं?"

"दुपारी," बाई बोलून गेल्या. स्ट्रेचरवरची लेक नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही, सकाळी. मीच पळायला लावलं तिला."

"पळण्यामुळे झालं असं नाही म्हणता येणार. वेळ मात्र गेला."

दुर्बिणीतून पीळ सोडवला. अंडाशय काळंनिळं पडलं होतं, तरी काढलं नाही. असं दिसणारंही पुष्कळदा सावरतं, काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बघू, असं सर्जनबाईंनी सांगितलं. शिट्टीबाईंनी हात जोडले, पण मान काही वर होईना.

लेक शुद्धीवर आली तशी सिस्टरनं विचारलं, "दुखतंय का गं बाळा?"

पोरीनं आधी आईकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. चादर मुठीत घट्ट आवळलेली होती.

"सिस्टर," शिट्टीबाई म्हणाल्या, "तिला दुखतंय."