भोकं पडलेला पालक

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. का गेलं ते डॉक्टरीणबाईंना सांगता येईना, म्हणून कारण मीच शोधलं. आमचे हे चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, पिकावर मारायची पावडर भरायच्या कारखान्यात. घरी आले की कपड्यांना तो वास. हेच विष भाजीवर पडतं, भाजी माझ्या पोटात, झालं! पुन्हा दिवस गेले तेव्हा ठरवलं, फवारलेलं पान तोंडात घालायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "जगाच्या लेकी खातात, हिचंच नवल!" म्हणेनात का. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

पडेगावची एक धनगरीण मावशी दारावर भाजी घेऊन यायची. तिच्या वावरात भावकीच्या मेंढ्या बसायच्या, खत तेवढंच. मी पालकाचं पान उजेडात धरून भोकं बघायची. अळी जगली म्हणजे विष नाही, हा माझा हिशोब. मावशी हसायची, "लोकं चांगली पानं निवडत्यात, तू किडकी! लई येडी हायेस बाई."

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं. संचारबंदी लागली, मावशी यायची बंद झाली. ह्यांनी कुठून तरी पांढराशुभ्र फ्लॉवर आणला. एक कीड नाही! मी हात लावला नाही. भाकरी नि ठेचा, भाकरी नि ठेचा. बाहेर पोलिसांची गाडी फिरायची, आणि पोटातलं जरा हललं नाही की माझा जीव खालीवर व्हायचा. हे माझ्या ताटाकडं बघत राहायचे.

संचारबंदी सैल झाली तशी ह्यांनी पडेगावला जायला सायकल काढली. "अहो, नका जाऊ, रस्त्यात काही झालं तर?" ऐकतात कुठं! पहिल्या खेपेला रिकामेच परतले, दुसऱ्या खेपेला कॅरियरला पालकाच्या जुड्या बांधून आले. मला रडूच फुटलं. पानं धड होती, पण जिवावर उदार होऊन आणलेला पालक मी उजेडात कशाला धरू? रोज चाटूनपुसून खाल्ला.

सगळं शांत झाल्यावर मावशी आली. टोपली उतरवता उतरवताच म्हणाली, "तुझा नवरा लई देवमाणूस. अळी समदा पालक फस्त करीत व्हती, मी रडत बसले व्हते. त्यानं कंपनीतली पावडर आणून दिली. म्हणला, बायको दुसरं काय खात नाय, तेवढा वाचव. अळी साफ बघ!"

मी टोपलीतली जुडी उचलून उजेडात धरली; एक भोक नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. "तू उपाशी राहत होतीस गं," म्हणाले. "पालक वाचला तर खाशील, एवढंच डोक्यात होतं. धुऊन दिला होता की." मी भांडायला तोंड उघडलं, पण ते माझं ताट वाढायला उठले होते. उरलेले महिने बाळ हातीपायी धड असेल ना, या घोरानं दोघांनाही झोप नव्हती.

मुलगी झाली. नर्स म्हणाली, "अहो, तोंड तरी बघा." मी आधी दुपटं सोडत होते. हे दाराशी उभे होते, आत यायला धजत नव्हते. मुलगा की मुलगी, त्यांनी विचारलंच नाही. तिथूनच म्हणाले, "बोटं बघितलीस?"