लिहून द्या, मग टोचते

आमच्या इनचार्ज बाई डॉक्टरांपुढे पेन धरायच्या, तेही टोपण काढून. राउंड संपवून डॉक्टर निघाले आणि जाता जाता म्हणाले, "सिस्टर, त्या पाच नंबरला एक इंजेक्शन देऊन टाका," की बाई दारात आडव्या. डॉक्टर वैतागायचे, "अहो, सांगितलं ना!" बाई शांतपणे म्हणायच्या, "ऐकलं. आता लिहून द्या, मग टोचते." बारामतीच्या त्या खासगी दवाखान्यात मी नवीन लागले तेव्हा मनात म्हटलं, ही बाई आहे की पोलीस चौकी?

तोंडावर सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे आणि माघारी 'कायदा'. "कायदा आला गं, मोबाईल ठेव!" पण खरोखर अडल्या वेळी त्या अडून बसत नसत. पेशंट घाबरा झाला आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये असले, तर फोन स्पीकरवर टाकायच्या, दुसऱ्या नर्सला शेजारी उभं करायच्या, औषधाचं नाव आणि डोस डॉक्टरांकडून परत वदवून घ्यायच्या आणि इंजेक्शन द्यायच्या. डॉक्टर बाहेर आले की पेन तयारच. आम्हाला सांगायच्या, "उद्या काही बरंवाईट झालं तर कोण काय बोललं ते कुणालाच आठवत नाही गं. सुई कुणाच्या हातात होती, एवढंच विचारतात."

मालकांच्या ओळखीची एक पोरगी आमच्यात होती. तिचा कोर्स नाही, नर्सिंग कौन्सिलकडे नाव नाही, पण हात भलता चलाख. बाईंनी तिला सुईला हात म्हणून लावू दिला नाही. मालक चिडले, पोरगी रडली, आमचं काम वाढलं म्हणून आम्हीही तोंडं फुगवली. पुढे त्याच पोरीला शेजारी बसवून बाईंनी नर्सिंगच्या प्रवेशाचं सगळं समजावून सांगितलं, ते कुणी लक्षात ठेवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बाईंच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि इथेही डबा एकटीनेच खायचा. एकदा मी जाऊन शेजारी बसले तर म्हणाल्या, "तिकडे जागा नाही का मिळाली तुला?" मग मी तिथेच बसायला लागले.

त्यांच्या माहेरचं, निरवांगीचं, मला त्याच टेबलावर कळलं. बाई सुट्टीवर गावी गेल्या होत्या. शेतात ऊसतोडीची टोळी आलेली, आणि घरात आई आजारी. तिला दम लागत होता, अन्न जात नव्हतं. धाकट्या भावाने, बापूंनी, मेडिकलमधून सलाईनची बाटली आणून खुंटीला टांगूनच ठेवली होती. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन, आणि घरातच नर्स असली तर दवाखाना हवा कशाला! "आक्का, लाव की. आशक्तपना हाय, दुसरं काय न्हाय," बापू म्हणाले. बाईंनी आईच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून बघितलं, तर खळगा तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरनं बघितल्याशिवाय मी लावणार नाही." आईला जीपमध्ये घालून इंदापूरला निघाले आणि वाटेतच आई गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलं होतं, छातीत पाणी झालं होतं, सलाईनने उलट लवकर गेली असती. बापूंनी ते कानाआड केलं. "घरात नर्स हाय आन् आईला सलाईन मिळालं न्हाय," एवढंच ते गावभर सांगत राहिले आणि बहिणीशी बोलणं टाकलं. दर भाऊबीजेला बाई ताट करायच्या आणि निरांजन विझेपर्यंत पाटापुढे बसायच्या. मी म्हणायचे, "बाई, तुम्हीच जा ना." त्या म्हणायच्या, "जाऊन काय सांगू? चुकलं म्हणू? चुकलं नव्हतं गं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी निरवांगीतच, बापूंच्या घराला लागून, दोन खोल्या बांधल्या. मधे एक भिंत. बापू खोकले तरी ऐकू यायचं. गावातल्या बाया सुरुवातीला सलाईनच्या बाटल्या घेऊन यायच्या, नकार ऐकून जायच्या. पुढे त्या हळदीकुंकवालाही बोलवेनात. तरी बाई नर्सचं रजिस्ट्रेशन वेळेवर रिन्यू करायच्या. मी चिडवायचे, "आता कुणाला टोचणार आहात?" म्हणाल्या, "असू दे. कुणी लिहून घेऊन आलंच, तर नाही म्हणायला नको."

आणि आले ते बापूच! साखर वाढलेली, डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलेलं, आणि घरात सगळेच सुईला भिणारे. दारात उभे राहून त्यांनी आधी चिठ्ठी पुढे केली. "लिवलंय," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जेवणाआधी यायचे, सुई टोचून घ्यायचे आणि निघून जायचे. बोलणं नाही, चहा नाही. पण बाईंचा फोनवरचा आवाजच बदलला. "येतो गं रोज. बोलत नाही, पण येतो."

पुढे एकदा मी भेटायला गेले तर बाई बापूंना स्वतःची सुई स्वतः घ्यायला शिकवत होत्या. औषध किती ओढायचं, रोज जागा कशी बदलायची, सगळं हात धरून. बापूंचा हात नुसता थरथरत होता. ते गेल्यावर मी बाईंवर अक्षरशः ओरडले, "अहो, शिकला की यायचा बंद होईल तो! थोडे दिवस थांबायचं की!" बाई सिरिंज डब्यात टाकत म्हणाल्या, "मी आजारी पडले तर त्यानं काय करायचं? पेशंटला शिकवणं हे माझं कामच आहे. भाऊ आहे म्हणून शिकवायचं नाही, असं कुठं आहे?" मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "इतका मठ्ठ नव्हता गं हा लहानपणी."

अखेर बापू शिकले आणि यायचे थांबले. संध्याकाळ झाली की बाई दाराकडे बघत बसायच्या. गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या.

दहाव्याला मी गेले. पंगती उठल्या, बापू माझ्याजवळ येऊन बसले. "सिस्टर, मला सुई पयल्याच दिवशी आली हुती. पर म्हनलं, आली म्हनल्यावर आक्का येऊ नगं म्हनंल. म्हनून मुद्दाम हात थरथरवायचो. मग एक दिवस तीच म्हनली, बापू, आलं तुला, आता घरीच घे. मग आलं म्हनल्यावर काय सांगून येनार हुतो?"

बापूंनी पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "आजच्या दिवस तुमी देता का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लिहिलेलं आहे का?"

बापूंनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. आता त्यांचा हात खरंच थरथरत होता.