बाबांचा ज्वालामुखीचा तास

माझे बाबा करोल बागेतल्या एका छोट्या मराठी शाळेत भूगोल शिकवायचे आणि मी त्यांच्याच वर्गात होते. हे सुख ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. घरी बाबा, शाळेत सर. कुणालाच उत्तर आलं नाही की उभं करायला हक्काची पोरगी म्हणजे मी. आणि माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर. मी नऊ वर्षांची असतानाच आईनं माझ्यापुढे हात टेकले होते.

ती शाळा आता नाही. भाड्याच्या इमारतीचे वरचे दोन मजले होते, खाली बांगड्यांचं घाऊक दुकान. मुलं बहुतेक गलाईवाल्यांची, म्हणजे सांगली-साताऱ्याकडून दिल्लीत येऊन सोनं-चांदी गाळून देणाऱ्या माणसांची. उरलेली आमच्यासारखी, सरकारी क्वार्टरांतली. आई मंत्रालयात क्लार्क होती, तिच्या नावावर लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं होतं, आणि तिथून मी आणि बाबा रोज बसनं शाळेत जायचो. नववीत आम्ही चौदा जण होतो. वर्षभरापूर्वी बावीस होतो.

ज्वालामुखीचा धडा आला त्या दिवशी बाबांनी घरून स्टोव्ह, कढई आणि बेसनाचा डबा आणला. बसमध्ये लोक बघत होते, मी दोन सीट सोडून बसले होते.

आम्हाला वाटायचं, पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाल रस भरलेला आहे. बाबांनी आधी तेच खोडून काढलं. खाली बहुतेक दगडच आहे, म्हणाले, भयंकर तापलेला, पण वरच्या वजनानं दाबून घट्ट धरलेला. कुठे तो दाब कमी झाला, किंवा समुद्राचा तळ खाली सरकताना सोबत पाणी घेऊन गेला, की दगड वितळायला लागतो. वितळला की हलका होतो, हलका झाला की वर चढतो आणि जमिनीखाली कुठेतरी साठून राहतो. त्याला शिलारस म्हणायचं.

"दगड सगळा एकदम वितळतो का?" त्यांनी विचारलं आणि नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. मला काय माहीत. माझ्या शेजारी बसणारी मुलगी उठली. तिचे वडील गलाईवाले. ती म्हणाली की भट्टीवर चांदी आधी पातळ होते, सोनं नंतर, सगळं एकदम नाही होत. बाबांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. दगडातही तस्संच, म्हणाले, जे लवकर वितळतं ते आधी सुटतं आणि वर येतं. माझ्याकडे इतक्या वर्षांत त्यांनी असं बघितलं नव्हतं, हे माझ्या मनात तिथल्या तिथे येऊन गेलं.

मग पिठलं. आधी पातळ केलं. त्यातून बुडबुडे सुखानं वर येत होते, फुटत होते, कुणाला काही त्रास नाही. मग बेसन वाढवलं. घट्ट झालं तसं ते वाफ आतच धरून ठेवायला लागलं, आणि एकदम फदकन उडून बाबांच्या मनगटावर आलं. शिलारसाचंही हेच, ते हात झटकत म्हणाले. पातळ असेल तर वाहतो, घट्ट असेल तर वाफ कोंडतो आणि डोंगर फोडून बाहेर पडतो.

"पाणी उकळतं. मग हे पिठलं काय करतंय?" बाबांनी मला विचारलं.

"उबलतंय," मी म्हणाले.

सगळा वर्ग हसला. बाबा हसले नाहीत, पण डोळे मिटून घेतले, ते मला जास्त लागलं. शेजारीण हळूच म्हणाली, खदखदतंय. गलाईवाल्यांच्या घरात अजून गावाकडची भाषा होती, आमच्या घरात मात्र मराठी शाळेतल्या मास्तरांची मुलगी क्वार्टरांतल्या मैत्रिणींशी दिवसभर हिंदी बोलायची. माझी कानशिलं तापली.

शेवटी त्यांनी खालून सोड्याची बाटली मागवली, गोटीवाली. दिल्लीत तिला बंटा म्हणतात, बाबा हट्टानं गोटी सोडाच म्हणायचे. गोटी बसलेली होती तोवर पाणी नितळ, एक बुडबुडा नाही. अंगठ्यानं गोटी दाबली आणि फेस बाहेर. वायू आतच विरघळलेला होता, त्यांनी सांगितलं, दाब होता तोवर दिसला नाही इतकंच. आणि आपला महाराष्ट्र? तिथे असा एखादा मोठा डोंगर फुटला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ रस येत राहिला, थरावर थर बसले, आणि त्या थरांतूनच पुढे सह्याद्री कोरला गेला. दिल्लीत जन्मलेल्या पोरांना त्यांनी ते थर फळ्यावर एकेक काढून दाखवले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मी मात्र घरी जाईपर्यंत खदखदत होते. आता शब्द आला होता ना.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. आमच्या क्वार्टरांत केबल आली होती, समोरच्यांनी मारुती घेतली होती, ऑफिसातले लोक गुडगावात प्लॉट बघायला जायचे. सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत. मराठी घरंही एकेक करून मुलं काढत होती. बाबा दर रविवारी बसनं त्या घरांत जायचे. मुलांना मराठीतून दहावीपर्यंत राहू द्या, पुढचं मी बघतो, असं सांगायचे, आणि कुणी ऐकेना की शेवटी एकच सांगायचे, "माझी स्वतःची मुलगी याच वर्गात आहे." त्यावर काही जण मुलं ठेवायचे. वर्गातल्या माझ्या शेजारणीच्या वडिलांनीही तिला त्या एका वाक्यावर ठेवलं होतं. ते तिला गावी आजीकडे पाठवायला निघाले होते.

हे सगळं मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणता येत नाही.

त्या संध्याकाळी उरलेलं पिठलंच ताटात आलं आणि माझा बांध फुटला. मला इंग्रजी शाळेत जायचंय, म्हटलं. इथे शिकून मी दिल्लीत काय करू, दगड वितळवू? मराठी तरी कुठे येते मला, वर्ग हसतो माझ्यावर. आई मध्ये बोलायला गेली, तिलाही झटकलं. बाबा खाली मान घालून जेवत होते, आणि ते चिडत नव्हते म्हणून मी आणखी चढले.

"तुमचा वर्ग भरायला जन्माला घातलंय का मला?" मी म्हणाले. "लोकांना दाखवायला ठेवलंय नुसतं."

बाबांनी हात धुतले. परत येऊन बसले. मग म्हणाले, "बरं. शाळेत काही बोलू नकोस. मी सांगतो सगळ्यांना."

काय सांगणार, ते मी विचारलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

पंधरा दिवसांत दाखला निघाला. नव्या शाळेत मी रमले, खोटं कशाला बोलू. बाबांची नववी त्या वर्षाअखेर बंद पडली. त्यांना खालचे वर्ग दिले, मग दोन वर्षांनी शाळाच गुंडाळली, आणि ते क्वार्टरांतल्या मुलांच्या शिकवण्या घेत राहिले. मला एकदा भूगोल अडला तेव्हा वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून बघितलं, मिटून परत दिलं. तुझी पुस्तकं चांगली आहेत, म्हणाले, त्यात सगळं आहे. पुन्हा त्यांनी मला कधीच काही शिकवलं नाही. रागानं नाही. राग त्यांना यायचाच नाही, तेवढा माझ्याकडेच होता.

पुढे मला गुडगावात नोकरी लागली, अकराव्या मजल्यावर फ्लॅट झाला, आईबाबा आमच्याकडे आले. बाबा बाल्कनीत बसून समोरचे टॉवर बघायचे. तिथेच ते गेले, झोपेत.

सातव्या दिवशी दार वाजलं. मी ओळखलं नाही तिला. मग हसली तेव्हा ओळखलं, माझी वर्गातली शेजारीण. नवऱ्याचंही गलाईचंच दुकान, लग्नापासून दिल्लीतच होती. कुणाकडून तरी कळलं, मेट्रोनं आली होती. फोटोसमोर बसून खूप रडली. माझ्याहून जास्त.

मग सांगायला लागली. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणाली, सर वर्गात आले आणि आम्हाला म्हणाले, माझ्या मुलीला मीच काढलंय. तिची इच्छा नव्हती, माझा निर्णय आहे. तिला कुणी काही बोलायचं नाही. घरोघर हेच सांगितलं त्यांनी. तिचे वडील भडकले. आमच्या पोरींना थांबा म्हणतो आणि स्वतःची हलवतो, असा कसला मास्तर. महिन्याभरात तिला गावी पाठवलं. पुढे शिकवलं नाही, सतराव्या वर्षी लग्न.

"मला भूगोल घ्यायचा होता गं," ती म्हणाली. "पण सरांवर राग नाही माझा. माझे वडील मात्र मरेपर्यंत त्यांना खोटारडे म्हणायचे."

बाहेर माझ्या मुलाचा टीव्ही चालू होता, तो बंद कर म्हणून ओरडायचंही मला सुचलं नाही.

तिनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. "एक विचारू? सरांनी तुला का काढलं होतं?"

आयुष्यभर तोंडाला येईल ते बोलत आले मी. ऑफिसात, घरात, आईला, नवऱ्याला. कुणाची भीडभाड ठेवली नाही.

"त्यांना तसंच बरं वाटलं असेल," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, आणि फोटोकडे बघत म्हणाली, असेल, शेवटी बापच ना.