शॉवरचा नवा कॉक

परवा प्लंबरने गळती होऊ नये म्हणून पाइपच्या आट्यांना सफेदा लावला आणि त्या तेलकट वासासरशी कसबा पेठेतले ते घर आठवले, जिथे मी एक खोली घेऊन राहत होतो. तिथल्या शॉवरचा जुना कॉक कितीही आवळला तरी गळत असे. तेव्हाच्या प्लंबरने टाकीचे पाणी बंद केले, फरशीला ओरखडाही न उमटवता गंजलेला कॉक काढला, नवा बसवला आणि प्यायला पाणी मागितले. घरमालकांनी स्टीलचा पेला भरता भरता अगदी अदबीने विचारले, "आडनाव काय आपलं?" त्याने सांगितले. पेला ओट्यावरच राहिला आणि कपाटातून कागदी कप आला. "आम्ही सगळ्यांना यातच देतो," मालक म्हणाले. प्लंबरने माझ्या हातातल्या स्टीलच्या पेल्याकडे पाहिले. "राहू द्या, काका. उद्या आंघोळ करून पूजेला बसाल, तेव्हा पाणी मी बसवलेल्या कॉकातूनच येईल." मालकांनी एवढेच विचारले, "गळणार नाही ना?" मी माझ्या पेल्यातले पाणी पिऊन संपवले. त्या मालकांची मला आजही किळस येते आणि ती मी चारचौघांत बोलून दाखवतो. त्यानंतर त्यांच्याच घरात दोन वर्षे राहिलो, हे सांगत नाही.