पाठ केलेला तक्ता

मंडळी, आज माझ्या सात वर्षांच्या नातीच्या शाळेत डोळे तपासणी झाली. कागदावर 'नॉर्मल' लिहून आलंय. घरी येऊन पोरीनं डोळे मिटले आन् तपासणीचा तक्ता वरून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला.

"आजी, बाईंनी कालच पाठ करून घेतला!"



बहात्तरच्या दुष्काळात मी एवढीच होते. आईबाप खडी फोडायला जायचे. दवाखान्याची जीप तपासणीला येणार म्हणून गुरुजींनी आमच्याकडून तक्ता पाढ्यासारखा पाठ करून घेतला. माणूस लई चांगला. नजर अधू निघाली तर लेकराला उस्मानाबादला न्यावं लागंल, आईबापाचं काम बुडंल, एवढीच त्यांना काळजी. उजवा डोळा झाकून मी सगळी अक्षरं म्हटली. डाव्यानं मला तक्ताच दिसत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास!"

विशीत चष्म्याला गेले तेव्हा कळलं, तो डोळा लहानपणीच सुधारला असता. आता न्हाय.

नात वाचताना माझ्यासारखीच मान तिरपी करती. पोराला म्हटलं, हिला परत दाखवू. तो म्हणाला, "आई, नॉर्मल लिहिलंय की." मीच नेते म्हटलं, तर सूनबाई म्हणाली, "पोरीच्या जातीला उगं खोट कशाला चिकटवताय?"

आमच्या घरात कागदच जिंकला.

तुमच्या लेकरानं तक्ता वाचला, का नुसता म्हटला? विचारलंय कुणी?